खिडकीजवळची पहिली खुर्ची

बेलफोर्ड, जॉर्जिया
५ मार्च १९४४

चि. लिअँडर यास पपांचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा फोटो पोचला. चर्चहून आलो तो बूट न काढताच भिंग घेऊन बसलो. छातीवरचे वैमानिकाचे चांदीचे पंख नीट पाहून घेतले आणि मग मनाशी हिशेब मांडला की या दोन पंखांची खरी किंमत काय पडली. सरकार म्हणेल, फुकट दिले. फुकट कसले? तुझ्या कॉलेजच्या पहिल्या वर्षाला तुझ्या आईचा पियानो गेला. बिचारी शेवटपर्यंत जेवणाच्या टेबलावर बोटं वाजवायची आणि म्हणायची, आज सूर बरा लागलाय. वर्नेलताईचं लग्न पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी करता करता त्या मुलाचं दुसरीकडे होऊन गेलं. उभं राहून राहून माझा उजवा गुडघा गेला. आणि दुकान उघडल्यापासून बंद होईपर्यंत जिभेच्या टोकाशी आलेलं एक तरी वाक्य मी रोज गिळलं. ती सगळी पोटात आहेत. डॉक्टर म्हणतो, गॅस आहे.

तेव्हा पंख स्वस्तात पडलेले नाहीत. पण सौदा फसला असं मी म्हणणार नाही.

फोटो कुठे लावला, विचारशील. दर्शनी लावला असता तर गोऱ्या गिऱ्हाइकांनी संध्याकाळपर्यंत दुकान ठेवलं नसतं. गरम टॉवेलांच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय. दार उघडलं की तू वाफेतून दिसतोस, ढगातून आल्यासारखा. मी मनात सलाम ठोकतो, दार लावतो आणि टॉवेल क्राउडरसाहेबाच्या तोंडावर ठेवतो. कापसाच्या गिरणीचा मालक माणूस, तोंड झाकलेलं असेल तेवढाच वेळ दुकानात शांतता.

परवा त्यानेच विचारलं की अंकल ओबी, तुझा पोरगा दिसत नाही, लष्करात भांडी घासतो का. (तुला ठाऊकच आहे, पन्नाशीपर्यंत मी ‘पोरा’ होतो, पन्नाशीनंतर ‘अंकल’ झालो, ‘मिस्टर’ मधल्या कुठल्या स्टेशनावर उतरून गेला ते कळलं नाही.) मी म्हटलं, नाही साहेब, चालवतो. काय चालवतो, ट्रक? मी म्हटलं, इंजिन असलेलं काहीतरी आहे, साहेब. तो म्हणाला, ट्रक बरा, उद्या पोटापाण्याला उपयोगी पडेल. आपली सगळी आळी जाणते तू काय चालवतोस ते, आपल्या वर्तमानपत्रात फोटो आला होता ना. पण आपलं वर्तमानपत्र त्यांच्या आळीत वाचतो कोण? तेव्हा बेलफोर्डपुरता तू ट्रक ड्रायव्हर आहेस, ध्यानात असू दे.

पण हे कायमचं नाही. आज लिहून देतो, आणि मी लिहिलेलं खोडत नाही: तू परत येशील तो गणवेशात, पंखांसकट, दुकानाच्या पुढच्या दाराने येशील. खिडकीजवळच्या पहिल्या खुर्चीत मी तुला बसवीन. क्राउडरच्या खुर्चीत. तिच्यात आजवर आपल्या काळ्यांतला कोणी बसलेला नाही. मालक असून मीही नाही. आपल्या माणसांचे केस मी आपल्या स्वयंपाकघरात कापत आलो, मागच्या दाराने घेऊन. तुझी दाढी खिडकीचा पडदा उघडा टाकून करीन. बेलफोर्डने रस्त्यात उभं राहून पाहावं. फळीवर गिऱ्हाइकांचे सोनेरी नावांचे फेसाचे कप आहेत ना, तसाच एक तुझ्या नावाचा मागवलाय: ‘लेफ्टनंट एल. पेटावे’. तूर्त पिठाच्या डब्यामागे ठेवलाय.

वर हवा विरळ असते म्हणतात. लोभ विरळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
पपा

—

इटली
(गावाचं नाव लिहिलं तर आमचा कात्रीवाला साहेब कापून टाकतो)
८ ऑगस्ट १९४४

ती. पपांना लिअँडरचा सा. न. वि. वि.

तुमचा ट्रक ड्रायव्हर खुशाल आहे. तळ म्हणजे एका शेतकऱ्याचं रान, त्यावर लोखंडी जाळी अंथरलेली. धूळ इतकी की दाढी केल्यावर वस्तरा नांगरासारखा दिसतो. एक म्हातारी अंडी विकायला येते. पहिल्या दिवशी तिने माझा गाल बोटाने घासून पाहिला, रंग निघतो का. नाही निघाला, तेव्हा एक अंडं जास्त दिलं.

नवी विमानं मिळाली आहेत. त्यांच्या शेपट्या आम्ही तांबड्या रंगवल्या, म्हणजे बाँबवाल्या मोठ्या विमानांतल्या गोऱ्या पोरांना लांबूनच कळावं की हे आपले. जवळून कळलं तर काहींना बरं वाटायचं नाही. तोंडावर मुखवटा असतो, आत कोण आहे ते दिसत नाही, हे दोघांच्याही सोयीचंच. अलाबामात आम्हाला शिकवणारा एक जण म्हणायचा की तुमच्या लोकांच्या हातांना उडवण्याचं अंगच नाही. कितीतरी चांगली पोरं त्याने घरी धाडली. एकाला तर टोपी तिरकी म्हणून. आणि तिथल्याच गावात जर्मन कैद्यांना खानावळीत आत बसून जेवताना आम्ही बाहेरून पाहिलंय. तेव्हा इथे वर जर्मन दिसला की पहिला विचार येतो, बेट्या, तुझं जेवण झालंय, माझं राहिलंय.

पण त्याच्या मागे जायचं नाही. आमच्या साहेबाचा हुकूम एकच आहे. जर्मन समोर येतो, शेपूट हलवतो, पळतो. पाठलाग केलात तर एखादा पाडाल, नाव होईल, पण मागे मोठी विमानं उघडी पडतील आणि प्रत्येकात दहा-दहा पोरं आहेत. तुमचं काम त्यांना घरी पोचवायचं. जो सोडून जाईल त्याने म्हणे परत माझ्या तळावर उतरू नये, तिकडे जर्मनीतच उतरावं. म्हणून माझ्या नावावर अजून एकही विमान नाही. सायलसकाकांना सांगा, चर्चमध्ये उगाच आकडे फुगवू नका.

माझ्या तंबूतली दुसरी खाट परवापासून रिकामी आहे. एल्डनची. सकाळी दाढी करून गेला, दुपारी सगळे उतरले, तो नाही. त्याचा ब्रश संध्याकाळी हातात घेतला तर अजून ओला होता. जास्त लिहीत नाही.

कप सांभाळून ठेवा. पडदा उघडा म्हणालात ते माझ्याही लक्षात आहे.

आशीर्वाद असू द्यावा, हल्ली तो पेट्रोलइतकाच लागतो.

आपला,
लिअँडर

—

बेलफोर्ड
१९ नोव्हेंबर १९४४

चि. वर्नेल हिस अ. उ. आ.

शिकागोची थंडी आणि तुझी शाळा दोन्ही सोसत असशील. या पत्रातलं अक्षरही लिअँडरला कळवायचं नाही. तो वर असताना त्याच्या डोक्यात बेलफोर्ड नको.

क्राउडरचा मुलगा ड्वाइट इटलीत गेलाय. बाँबवाल्या विमानात बंदूक चालवतो. म्हातारा रोज नकाशा घेऊन येतो आणि मला दाखवतो. मी नवल वाटल्यासारखं बघतो. त्या नकाशावर कुठे बोट ठेवायचं ते मला त्याच्याहून बरं ठाऊक आहे.

पण लिहायला बसलो ते वेगळ्यासाठी. दुकानातल्या बाकावरचं बोलणं बदललंय. आधी पीक, पाऊस, बायका. आता एकच विषय, आपले लोक लढाईहून परत आले की त्यांच्या डोक्यातली हवा कशी काढायची. शेजारच्या काउंटीत आपल्यातला एक मुलगा रजेवर आला, गणवेशात बसमधून उतरला. स्टँडवरच त्याला कोट काढायला लावला, मग बाकीचं. जिवंत आहे. आई काही विचारायला गेली की उठून टोपी शोधायला लागतो.

हे मला कोणी सांगितलं? पोलिसातल्या डेप्युटी हॅचरने. मला नव्हे, बाकावरच्यांना. तो माझ्या खुर्चीत होता, तोंडाला फेस होता आणि सांगता सांगता त्याला हसू आवरेना. मी वस्तरा वर धरून थांबलो, त्याचं हसणं संपेपर्यंत. हसणाऱ्या माणसाला कापतं.

तुला वाटेल, माझ्यासमोर हे कसं बोलतात. अगं, न्हावी म्हणजे त्यांना खुर्चीचाच एक भाग. खुर्चीला कान असतात असं कोणाला वाटतं? तीस वर्षं मी त्यावरच जगलो. कोणाची जमीन विकायची आहे, कोणाला तुरुंगात घालणार आहेत, मी ऐकून आपल्या माणसांना सांगत आलो. पण आता ऐकायला नको वाटतं.

तू खात जा, आणि या म्हाताऱ्या बापावरचा राग थोडा मागे ठेव, पुढे लागेल.

तुझा,
पपा

—

इटली
६ जानेवारी १९४५

प्रिय ताईस लिअँडरचा सा. न.

तुझा फ्रूटकेक मिळाला. वाटेत त्याचा दगड झाला होता, पण दगडातही रम जाणवत होती, म्हणून फोडून खाल्ला.

ऐक एक गंमत. नाताळानंतर हवा अशी बिघडली की परतणाऱ्या मोठ्या विमानांना आपापले तळ सापडेनात. त्यातलं एक आमच्या पट्टीवर उतरलं. दोन इंजिनं बंद, तिसरं खोकतंय. डोंगरांपासून समुद्रापर्यंत त्यालाच आम्ही चौघांनी मध्ये घेऊन आणलं होतं. दार उघडलं. आतल्या गोऱ्या पोरांनी आम्हाला पाहिलं आणि दार पुन्हा लावून घेतलं. म्हणे आम्ही विमानातच झोपतो! बाहेर बर्फ पडतोय. आमच्या स्वयंपाक्याने काही न बोलता चूल उचलून वाऱ्याच्या बाजूला नेली आणि डुकराचं मांस परतायला घेतलं. थोड्याच वेळात दार उघडलं.

पहिला उतरला त्याची बोटं थंडीने काळी पडली होती. मला बघत राहिला. मग म्हणाला, तू बेलफोर्डच्या न्हाव्याचा ना? ड्वाइट क्राउडर! हवा सुधारेपर्यंत तो एल्डनच्या खाटेवर झोपला. हाताला पट्ट्या, म्हणून मीच त्याला चमच्याने भरवलं. पहिल्या दिवशी डोळे मिटून खायचा. दुसऱ्या दिवशी विचारलं की तांबड्या शेपट्यांवाले तुम्हीच का. मी म्हटलं, तुला काय वाटलं, कोण? त्याने पुढचा घास डोळे उघडे ठेवून खाल्ला.

सार्जंटने लेफ्टनंटला सलाम करायचा असतो. आधी तो तंबूच्या दोऱ्या बघत टाळत होता. निघताना मात्र पट्टीचा हात कपाळापर्यंत गेला आणि ‘सर’ म्हणाला. ताई, क्राउडरचा पोरगा मला सर म्हणाला! मी इतका फुगलो की म्हटलं, घरी गेलास की सांग तुझ्या बापाला, तुला कोणी घरी पोचवलं ते. तो म्हणाला, शपथेवर सांगतो.

पपांना कळवू नकोस. ते चर्चमध्ये उभे राहून सांगतील.

तुझी माया अशीच पार्सलने येऊ दे, फक्त जरा मऊ.

तुझा,
लिअँडर

—

बेलफोर्ड
२२ एप्रिल १९४५

चि. वर्नेल हिस अ. उ. आ.

ड्वाइट क्राउडर परत आला. उजव्या हाताची तीन बोटं कापली आहेत. वस्तरा धरता येत नाही, म्हणून बापाबरोबर दुकानात आला. बाकावर गर्दी होती. मी बापाच्या एका गालाची दाढी पुरी केली होती, दुसऱ्याला फेस होता, तेवढ्यात तो पोरगा उठून उभा राहिला, जशी चर्चमध्ये साक्ष द्यायला उभे राहतात. आणि बोलला. म्हणाला की अंकल ओबी, तुमचा लिअँडर नसता तर मी इथे नसतो. दोन इंजिनं गेली होती, बाकीचे पुढे निघून गेले, पण तो आणि त्याचे तिघे आम्हाला सोडून गेले नाहीत. त्याने मला आपलं घोंगडं दिलं, हाताने भरवलं. असा पायलट मी पाहिला नाही. आणि मी त्याला शब्द दिला होता की हे सगळ्यांसमोर सांगेन.

पोरगं मनापासून बोललं गं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. तीस वर्षांत त्या दुकानात आपल्याबद्दल कोणी इतकं चांगलं बोललं नव्हतं, आणि मी मात्र मनात म्हणत होतो, बस खाली, पोरा.

क्राउडरने माझं मनगट धरून वस्तरा बाजूला केला. विचारलं, पायलट? तू तर ट्रक म्हणाला होतास. मी म्हटलं, साहेब, मी चालवतो म्हणालो होतो. मग त्याने मुलाला विचारलं, तू त्याच्या तंबूत झोपलास? त्याच्या हातचं खाल्लंस? पोरगा हो म्हणाला. क्राउडर उठला, फळीवरून आपल्या नावाचा कप उचलला आणि तसाच गेला, एका गालाला फेस घेऊन, भर रस्त्याने. हसायला यावं असं दृश्य होतं. कोणी हसलं नाही. त्याच्यामागून आणखी दोघांनी कप उचलले.

तुला हे ठाऊक होतं का, लिअँडर ड्वाइटला काय बोलला ते? असेल तर मला सांगू नकोस.

देव तुला सुबुद्धी देवो आणि मला ग्राहक.

तुझा,
पपा

—

बेलफोर्ड
२२ एप्रिल १९४५

चि. लिअँडर यास पपांचे अ. उ. आ.

इथे सर्व उत्तम. ड्वाइट क्राउडर परत आला, तुझं फार चांगलं बोलला. दुकानात सध्या जरा निवांतपणा आहे, गुडघ्याला आराम पडतो. कपांची फळी धुवायला काढली आहे, म्हणून बरेच कप खाली उतरवलेत. सायलसने तुझ्या नावावर आधीच चार जर्मन विमानं चढवली आहेत, मी पाचवर तडजोड केली.

पहिल्या खुर्चीचं चामडं नवीन घातलं. शब्द तोच आहे.

तुझा,
पपा

—

शिकागो
२६ ऑगस्ट १९४५

चि. लिअँडर यास अ. आ.

लढाई संपली, तू शाबूत आहेस, ते ऐकून शाळेच्या जिन्यात बसून रडले. मुलं म्हणाली, बाईंना दाढ दुखते. आता मोठ्या बहिणीचं नीट ऐक.

पपा तुला लिहितात निवांत आहे, ते खोटं आहे. ड्वाइटने तुला दिलेला शब्द पाळला. तू फुशारकीत बोललास, त्याने इमानाने सांगितलं, आणि दोघांपैकी कोणाच्याच ध्यानात आलं नाही की ती जागा बेलफोर्ड आहे. फळीवर आता हॅचरचा आणि आणखी एखाद-दुसऱ्याचा कप उरलाय. हॅचर का येतो माहीत आहे? पपांकडे नजर ठेवायला. जुलैमध्ये खिडकीची काच फुटली. पपांनी मला लिहिलं की काच जुनी होती. विटेचं वय मात्र लिहिलं नाही.

तू घरी गेलास तर तुझी वाट बघणारे पपा एकटेच नसतील. सरळ शिकागोला ये, पपांना मी इथे बोलावते. जायचंच असलं तर साध्या कपड्यात जा, न कळवता. तो गणवेश तुला कसा मिळाला ते मला ठाऊक आहे, त्यात माझाही एक धागा आहे. म्हणूनच सांगते, काढून ठेव. पपांच्या त्या खुर्चीच्या शब्दातून मी त्यांना मोकळं करीन.

राग आला तर माझ्यावर काढ, पण पत्राने.

तुझी,
ताई

—

न्यूयॉर्क
१९ ऑक्टोबर १९४५

प्रिय ताईस सा. न.

काल उतरलो. जहाजाच्या शिडीखाली एक शिपाई ओरडत होता की गोरे उजवीकडे, रंगीत डावीकडे. बँड उजवीकडे होता. आम्ही डावीकडे गेलो, आणि आमच्यातला एक जण बँडच्या तालावर पाय टाकत गेला. हसून हसून पोट दुखलं.

तुझं पत्र खिशात आहे. तीनदा वाचलं. पण ताई, त्या शिडीवरून उतरल्यावर मला ते मानता येत नाही. एल्डनची खाट मी कोणासाठी बघत बसलो? ज्या कपड्यांत बर्लिनपर्यंत जाऊन आलो, ते बेलफोर्डच्या स्टेशनावर काढू? पपा लिहिलेलं खोडत नाहीत, मीही नाही. त्यांना आत्ताच तार केली: मंगळवारी दुपारच्या गाडीने गणवेशात येतोय, खुर्ची तयार ठेवा.

मला मूर्ख म्हण, पण माया आवरती घेऊ नकोस.

तुझा,
लिअँडर

—

बेलफोर्ड
२५ ऑक्टोबर १९४५

चि. वर्नेल हिस अ. उ. आ.

तुझी तार मिळाली. आला का आणि खुर्चीत बसवलात का, असं दोनच विचारलंस. पहिल्याचं उत्तर आधी: आला. धडधाकट आहे. आत झोपलाय, आणि लहानपणासारखाच तिरका झोपलाय.

आता बैजवार. त्याची तार मला सगळ्यांत शेवटी मिळाली. आपल्या तारवाल्याची रीत तुला ठाऊक आहे. आपल्या आळीची तार आधी तो चार लोकांना वाचून दाखवतो. सोमवारी सकाळी हॅचर दाढीला आला. मी त्याच्या तोंडावर गरम टॉवेल ठेवला. टॉवेलाखालून तो बाकावरच्या माणसाशी बोलायला लागला की मंगळवारच्या गाडीला किती जण येणार आहेत, लेफ्टनंटसाहेबांचे पंख कसे उपटायचे, क्राउडरची गिरणी तेवढा वेळ बंद राहणार आहे म्हणून. बाकावरचा खोकला. पुन्हा खोकला. हॅचर थांबला नाही. मुलगा माझा, हॅचरचा गळा माझ्या वस्तऱ्याखाली, आणि तरी त्याला मी तिथे आहे असं वाटलं नाही. मी दाढी पुरी केली. कुठेही कापलं नाही. जाताना तो म्हणाला, अंकल, तुझ्यासारखा हात नाही. तार माझ्या हातात पडली ती त्यानंतर.

मंगळवारी सकाळी सायलसच्या सरकीच्या ट्रकमधून हार्लन जंक्शन गाठलं, बेलफोर्डच्या अलीकडचं स्टेशन. बरोबर माझं शेतातलं जुनं ओव्हरॉल घेतलं. गाडी थांबली (तिथे ती पाणी-कोळसा घ्यायला तासभर उभी असते), मी रंगीत लोकांच्या डब्यात चढलो आणि त्याला खाली ओढला. केवढा देखणा दिसत होता गं. मलाच सलाम करावासा वाटला, आणि मी त्याला म्हटलं, कपडे काढ.

भांडलो. त्या धर्मशाळेसारख्या वेटिंग रूममध्ये लोक बघत होते. तो म्हणाला की पपा, तुम्ही लिहून दिलं होतंत. मी म्हटलं, दिलं होतं. तो म्हणाला, चार जण असोत नाहीतर चाळीस, मी जर्मनांना घाबरलो नाही. मी म्हटलं, तुमच्या साहेबाचा हुकूम काय होता? समोर येऊन शेपूट हलवतील त्यांच्या मागे जायचं नाही, पोरांना घरी पोचवायचं. आज मोठं विमान तू आहेस, दोन इंजिनं बंद आहेत आणि तांबडी शेपटी मी आहे. मी तुला सोडून जाणार नाही. तुला लढायचंच असेल तर तिकडेच उतर, माझ्या तळावर उतरू नकोस.

त्याने पिशवी खाली ठेवली. मग कोटाची बटणं काढायला लागला. शेवटचं बटण त्याला निघेना, ते मी काढलं. कोट सरकीच्या पोत्यात घातला, ओव्हरॉल त्याच्या अंगावर चढवलं.

सायलसला घाबरून गिअर पडेना. लिअँडर म्हणाला, सरका काका, आणि स्वतः चाकावर बसला. बेलफोर्डच्या फाटकाशी आलो आणि फाटक पडलं. गाडी यायची होती. ट्रक अगदी फलाटासमोर उभा. तिथे सगळे होते, क्राउडर, हॅचर, गिरणीतले लोक. कोणाच्या हातात काय होतं ते लिहीत नाही. जरा बाजूला ड्वाइट उभा होता. गाडी आली. ते डबे हुडकत धावले. हॅचर मागे राहिला, इकडेतिकडे बघता बघता आमच्या ट्रककडे वळला. त्याच वेळी ड्वाइटनेही वळून पाहिलं, आणि त्याची नजर थेट लिअँडरच्या तोंडावर आली.

मी आयुष्यात इतकी प्रार्थना केली नाही.

ड्वाइटने खिशातून सिगारेट काढली आणि हॅचरला हाक मारली, म्हणाला, मला काडी ओढता येत नाही, जरा पेटवून दे. हॅचर गेला. वारा होता, एक काडी विझली, दुसरी विझली. ड्वाइट आपला तुटका हात आडोशाला धरून उभा, पाठ आमच्याकडे. गाडी सुटली, फाटक वर गेलं. हॅचरने मागे न बघताच हात हलवला की चल पोरा, हाण तुझा ट्रक. लिअँडरने हाणला.

क्राउडरला वाटलं होतं त्याप्रमाणे माझ्या पोराने शेवटी ट्रकच चालवला म्हणायचं.

दुकान विकायला काढलंय. खुर्च्या कोणी घेईल, फळी मी जाळणार आहे. पहिल्या तारखेपर्यंत दोघेही तुझ्याकडे येऊ, जागा करून ठेव. त्याला तिकडे विमान कोण देईल, माहीत नाही. मला शिकागोत न्हाव्याचं काम मिळेल, केस तिथेही वाढतात.

आमच्यावरचा लोभ कमी करू नकोस, आता त्यावरच राहायचं आहे.

तुझा,
पपा

ता. क. दुसरं विचारलं होतंस. दाढी स्वयंपाकघरात केली. पडदा ओढला होता.